टेकडीपलीकडील बार

इटली देशातील बोलोन्या या शहरी दि. २५ एप्रिल १८७४ रोजी गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म झाला. वडील सधन जमीनदार होते. आई मूळची आयर्लंडची. मार्कोनींना विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. तथापि विजेचे प्रयोग करताना ते तहानभूक विसरून जात. त्यांची ही ओढ पाहून रिगी नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना आपल्या व्याख्यानांना बसू दिले.

त्या काळी दूरवर तातडीचा संदेश पाठवावयाचा म्हणजे तार हवीच असे. जमिनीवर खांब रोवून आणि समुद्राच्या तळाशी सोडून तारा नेता येत; परंतु चालत्या जहाजापर्यंत तार कशी नेणार? किनारा दृष्टीआड झाला, की जहाजाचा जगाशी संबंध तुटे. ते संकटात सापडले, तरी कोणाला कळत नसे.

ठिणगी पाडली असता विजेच्या लहरी उत्पन्न होतात व त्या तारेवाचून पसरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ यांनी १८८८ मध्ये दाखवून दिले होते. १८९४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्यावरील लेख वीस वर्षांच्या मार्कोनींच्या वाचनात आला, आणि या लहरींना निरोप्याचे काम सांगावे, या एकाच विचाराने त्यांच्या मनात घर केले.

पोन्तेक्यो येथील घराच्या माळ्यावर त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. वडिलांना आरंभी हा सारा पोरखेळ वाटे; आईने मात्र मुलावर विश्वास ठेवला. एके रात्री मार्कोनींनी आईला झोपेतून उठवून माळ्यावर नेले. त्यांनी एका टोकाला कळ दाबताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजली. दोहोंमध्ये तार नव्हती!

पुढे १८९५ मध्ये प्रयोग घराबाहेर सुरू झाले. यंत्राला जोडलेल्या तारेचे एक टोक उंच टांगावे व दुसरे जमिनीत पुरावे, म्हणजे लहरी अधिक दूर पोहोचतात, असे मार्कोनींच्या ध्यानात आले. संदेश मिळाला, की थोरले बंधू अल्फोन्सो दुरून खूण करीत. परंतु टेकडीच्या पलीकडून खूण कशी दिसावी? म्हणून अल्फोन्सो बंदूक घेऊन टेकडीपलीकडे गेले. मार्कोनींनी कळ दाबली आणि ते कान देऊन उभे राहिले. क्षणार्धात टेकडीमागे बंदुकीचा बार झाला. डोंगर लहरींना अडवू शकला नाही!

१८९६ मध्ये मार्कोनी इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंता प्रीस यांनी त्यांना साहाय्य केले. १८९७ मध्ये संदेश सुमारे सहा किलोमीटर समुद्र ओलांडून गेला. पृथ्वी गोल असल्याने लहरी महासागरापलीकडे पोहोचणार नाहीत, असे अनेक विद्वानांचे मत होते. तरीही दि. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंड बेटावर पतंगाला बांधलेल्या तारेच्या आधारे मार्कोनींनी इंग्लंडहून आलेले तीन टिंबांचे संकेत ऐकले. काहींनी त्यावर शंका घेतली. मार्कोनी वाद घालीत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी जहाजावर दूरवरचे संकेत त्यांनी कागदी फितीवर उमटवून दाखविले. उंच आकाशातील विद्युद्भारित थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवितो, हे कोडे पुढे उलगडले.

हे यश एकट्याचे नव्हते. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनीही तारेवाचून घंटा वाजवून दाखविली होती. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनींना जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांच्यासह विभागून मिळाले. १९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले, तेव्हा पंधराशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. परंतु बिनतारी हाक ऐकून दुसरे जहाज धावून आले, म्हणून सातशेंहून अधिक लोक वाचले. १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेश सुरू झाले.

दि. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनींचे देहावसान झाले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.

आरंभी या लहरी केवळ टिंबे आणि रेघा वाहून नेत. पुढे इतर संशोधकांनी त्यांवर मानवी वाणी व संगीत चढविले. आज घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवलेले ध्वनिवर्धकही अशाच लहरींकडून गाणे घेतात. त्यांना वीज पुरवावी लागते. परंतु गाणे आणणारी लांब तार लागत नाही. माळ्यावरील त्या घंटेचा नाद अशा रीतीने घरोघरी पोहोचला आहे.