ॲलन ब्लमलाइन: डाव्या-उजव्या आवाजाचं पेटंट घेणारा इंजिनिअर

घरी गाणं रेकॉर्ड केलं, हेडफोन लावले आणि आवाज फक्त डाव्या कानात! होम रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या बहुतेकांचं हे होतं. माइक खराब नसतो. माइक एकच, तो इंटरफेसच्या इनपुट १ ला जोडलेला आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक मात्र स्टिरिओ. मग इनपुट १ जातं डावीकडे, इनपुट २ उजवीकडे, आणि २ मध्ये काहीच नसतं. ट्रॅक मोनो करा, इनपुट १ निवडा, आवाज दोन्ही कानांत सारखा येईल.

ही डावी-उजवीची भानगड ज्याच्या डोक्यातून आली तो ॲलन ब्लमलाइन. जन्म १९०३, लंडन. १९३१ साली तो होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेला होता असं सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याचा आवाज जागचा हलत नव्हता. ब्लमलाइनला ते खटकलं, आणि यावर आपल्याकडे उपाय आहे असं त्याने तिला सांगितलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. वय २८, नोकरी ईएमआय कंपनीत. एका अर्जात ७० दावे! त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, दोन माइक अगदी जवळजवळ, पण ९० अंशांत वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. ही जोडी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर नव्हे, तर दोन वेगळे सिग्नल. त्यांच्यातल्या फरकावरूनच कानाला दिशा कळते. म्हणून एकाच माइकचा आवाज स्टिरिओ ट्रॅकवर घेतला तरी तो मोनोच राहतो. तबल्याला किंवा गिटारला खरंच दोन माइक लावले असतील, तरच इनपुट १-२ मिळून स्टिरिओ ट्रॅक घ्या.

दुसरी गोष्ट रेकॉर्डच्या तबकडीची. सुई एकच, खाच एकच, पण खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. मला तर ही कल्पना माइकपेक्षाही भारी वाटते.

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांचा ऑर्केस्ट्रा त्याने अशा पद्धतीने रेकॉर्ड केला. १९३५ मध्ये हेज स्टेशनवरच्या आगगाड्यांची स्टिरिओ फिल्मही काढली. पण कंपनीला यात धंदा दिसला नाही. ब्लमलाइन टेलिव्हिजनकडे वळला आणि युद्ध सुरू झाल्यावर रडारकडे.

७ जून १९४२. विमानातून जमिनीचा नकाशा दाखवणाऱ्या एचटूएस रडारची चाचणी घेण्यासाठी तो हॅलिफॅक्स बॉम्बरमध्ये बसला होता. एका इंजिनाला आग लागली आणि विमान कोसळलं. आतले ११ही जण गेले. देखभालीत इंजिनातला एक नट नीट आवळला गेला नव्हता. ब्लमलाइन ३८ वर्षांचा होता, नावावर १२८ पेटंट्स. रडार गुप्त असल्यामुळे त्याच्या मृत्यूची बातमीही तेव्हा दाबून ठेवली गेली.

१९५८ च्या सुमारास स्टिरिओ एलपी दुकानांत आल्या, तोवर त्याच्या पेटंटची मुदत १९५२ मध्येच संपली होती. त्या तबकड्यांच्या खाचेच्या भिंती ४५ अंशांतच होत्या.