स्कुटारीच्या तीन वह्या

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर सापडणे कठीण. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी लेकी मिशन इस्पितळांत परिचारिका झाल्या आणि हाती दीप घेतलेल्या या बाईंचे चित्र त्यांच्याबरोबर घरोघरी पोहोचले. मात्र बाईंच्या आयुष्याचा केवढा मोठा काळ कागद, वह्या व आकडे यांत गेला, हे त्या चित्रात दिसत नाही.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. 7 फेब्रुवारी 1837 रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, देव आपणास सेवेसाठी पाचारण करीत आहे असा अनुभव त्यांना आला. ती सेवा कोणती, हे उमगण्यास पुष्कळ वर्षे लागली. इस्पितळातील काम त्या काळी कुलीन स्त्रीस शोभणारे मानीत नसत. घरच्यांचा विरोध तीव्र होता. अखेर 1851 साली जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या कैसर्सवर्थ येथे, पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी स्थापिलेल्या दीकनेस भगिनींच्या संस्थेत, त्यांनी सुमारे तीन महिने शिक्षण घेतले.

1854 साली ब्रिटन क्रिमियन युद्धात रशियाविरुद्ध उतरले. जखमी व आजारी शिपायांना जहाजांत घालून, काळा समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील बराकीत आणीत. तेच सैन्याचे मुख्य इस्पितळ. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई 38 परिचारिकांसह 4 नोव्हेंबर 1854 रोजी तेथे दाखल झाल्या.

तेथे औषधोपचार एका खात्याकडे, अन्नपुरवठा दुसऱ्याकडे आणि इस्पितळाचे सामान तिसऱ्याकडे होते. शिपायाने भरती होताना आपला सदरा, काटा व चमचा पाठीवरच्या पिशवीतून सोबत आणावा, असा नियम होता. त्या वस्तू देण्यास भांडार बांधील नव्हते. पण क्रिमियाच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा वरिष्ठांच्याच हुकुमाने त्या पिशव्या जहाजांवर मागे राहिल्या होत्या. प्रत्येक अधिकारी आपापल्या नियमाप्रमाणे निर्दोष होता आणि रुग्ण मात्र रक्ताने भरलेल्या कपड्यांत पडून होता. बाईंनी वर्गणीच्या व स्वतःच्या पैशांतून सदरे विकत घेतले.

याहून विलक्षण गोष्ट मृतांच्या नोंदीची. मृत्यूंचा हिशेब तीन ठिकाणी राहत असे: दफनांची रोजची यादी एकीकडे, डॉक्टरांची विवरणपत्रे दुसरीकडे, आणि लष्करी कचेरीची नोंद तिसरीकडे. तिन्हींचे आकडे परस्परांशी जुळत नसत. आपल्या इस्पितळात किती माणसे मेली, हे सैन्यास निश्चित सांगता येत नव्हते. मग इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात वाट पाहणाऱ्या आईने कोणास विचारावे? बाई स्वतः कित्येक मृतांच्या घरी पत्रे लिहीत. पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाचे भाषांतर तपासताना नावांच्या व संख्यांच्या त्या लांबलचक याद्या मला एके काळी रुक्ष वाटत. स्कुटारीच्या वह्यांविषयी वाचल्यापासून तसे वाटेनासे झाले.

मार्च 1855 मध्ये आरोग्य आयोगाचे अधिकारी आले. इस्पितळाखालची गटारे तुंबलेली होती, पाणी दूषित होते. गटारे उपसली, भिंती चुन्याने रंगविल्या. फेब्रुवारीत शेकडा 42 असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा 2 च्या आसपास आले.

खरी कसोटी युद्धानंतर लागली. 1856 साली मायदेशी परतल्यावर, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने बाईंनी सर्व आकडे एकत्र मांडले. युद्धात सुमारे 21 हजार ब्रिटिश शिपाई मेले, पैकी सुमारे 16 हजार रोगाने. अपुरे अन्न, थंडी व अतिश्रम यांनी खचलेली माणसे मरणोन्मुख अवस्थेत येतात, म्हणून स्कुटारीत मरतात, अशी त्यांची समजूत होती. आकडे वेगळेच बोलत होते. ज्या इमारतीत त्यांनी रात्री जागविल्या, तीच त्या पहिल्या हिवाळ्यात सर्वांत घातक ठरली होती. राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत असता, बाईंनी हे सत्य 1858 साली छापविलेल्या आपल्या विस्तृत अहवालात मांडले व तो अधिकारपदस्थांच्या हाती दिला. मला त्यांचे हे धैर्य दिव्याहून मोठे वाटते.

1857 साली राजकीय आयोग नेमला गेला. शांततेच्या काळीही बराकीतील तरुण शिपाई त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हे उघड झाले. बराकी सुधारल्या, सैन्याच्या वैद्यकीय खात्यात आकडेवारीची स्वतंत्र शाखा निघाली, 1860 साली चॅटम येथे लष्करी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. अहवालातील कोष्टके मंत्री वाचणार नाहीत हे ओळखून बाईंनी आकड्यांची रंगीत वर्तुळाकार चित्रे काढविली. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध असाच वह्यांतून जुळला. 1859 साली नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी येथील छावण्यांना प्रश्नावली धाडविल्या. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, अशी विचारपूस त्यांत होती. 1863 च्या अहवालात येथील ब्रिटिश शिपायांचे वार्षिक मृत्युमान दर हजारी 69 असल्याचे नमूद झाले. पुढे अनेक वर्षे येथील दुष्काळ, पाटबंधारे व खेड्यांची स्वच्छता यांविषयी त्या लिहीत राहिल्या. या देशात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. बहुतेक पत्रव्यवहार रुग्णशय्येवरून झाला.

13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांना देवाज्ञा झाली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाचा सन्मान कुटुंबियांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशरमधील ईस्ट वेलो गावच्या मंदिराच्या आवारात घरच्यांच्या कबरेपाशी त्यांना पुरले. इतरांच्या नोंदींसाठी झटलेल्या या बाईंच्या वाट्याला त्या दगडावर केवळ आद्याक्षरे व दोन सनांएवढीच जागा आली आहे.