म्हाइंभटांची ‘फायनल कॉपी’

सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर काय चालतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी ‘रिपोर्ट फायनल’, मग ‘फायनल २’, मग ‘हेच घ्या रे’ नावाची फाइल. चौघांनी चार ठिकाणी बदल केलेले असतात आणि तिसऱ्या पानावरचा आकडा कोणी टाकला, ते कोणालाच आठवत नाही. उद्या अकोल्याच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्याच्या एखाद्या ऑफिसात लागलात की हाच गोंधळ कोटेशनच्या आणि कराराच्या फायलींत भेटेल. फक्त तिथे मार्क नाही, पैसे जातात. म्हणूनच गूगल डॉक्समध्ये ‘व्हर्जन हिस्ट्री’ असते, वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ असतं: कोणी काय बदललं, याची नोंद राहावी.

ही नोंद ठेवायची गरज एका माणसाला जवळपास साडेसातशे वर्षांपूर्वी कळली होती, तीही आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. नाव म्हाइंभट. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, ‘लीळाचरित्र’, त्यांचा.

म्हाइंभट मूळचे गोदावरीच्या बाजूचे, सराळे गावचे. शास्त्रं शिकलेले, घरचे खाऊनपिऊन सुखी. विद्वत्तेचा गर्व इतका, की दिवसाढवळ्या दिवट्या पेटवून फिरत, असं सांगतात. (आजच्या भाषेत प्रोफाइलला दहा बॅज लावण्यासारखंच.) चक्रधरस्वामींशी वाद घालून जिंकावं म्हणून गेले आणि शेवटी त्यांचेच शिष्य झाले.

पुढे चक्रधर निघून गेले, तेव्हा शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे जमली. चक्रधरांनी स्वतः काही लिहून ठेवलं नव्हतं. जे होतं ते माणसांच्या डोक्यात. नागदेवाचार्य एकटे बसून त्या आठवणी मनात घोळवत असायचे. ते बघून म्हाइंभटांच्या लक्षात आलं, की ही माणसं गेली की सगळं गेलं. त्यांनी नागदेवाचार्यांकडे लिहायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

मग सुरू झाली पायपीट. चक्रधर कोणत्या गावी कोणाकडे उतरले, कोणाशी काय बोलले, हे ज्यानं स्वतः पाहिलं त्याच्याकडेच म्हाइंभट जायचे. कोणी शेतात कामाला असेल तर त्याच्यासोबत राबायचे आणि त्याला सवड झाली की विचारायचे, असंही सांगतात. गोळा केलेलं सगळं नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचे. म्हणजे आधी प्रत्यक्षदर्शी, नंतर तपासणी, आणि मग लेखन. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या जागी बसून, १२७८च्या सुमारास, ग्रंथ उभा राहिला. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग.

भाषा मराठीच ठेवली, तीही रोजच्या बोलण्यातली. त्याच मंडळींतले केशोबास संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं होतं. संस्कृत झालं तर साध्या म्हाताऱ्या बायकांपर्यंत हे पोचणार नाही, ही त्यांची काळजी. आज आपण फाइल पाठवताना समोरच्याच्या मोबाइलवर ती उघडेल का, एवढं तरी कुठे बघतो!

आणि मग ते झालं, ज्याला आपण सगळे घाबरतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. हार्ड डिस्क उडाली म्हणा. बॅकअप होता तो पुन्हा माणसांच्याच डोक्यात. हिराइसा नावाच्या शिष्या एकपाठी होत्या. त्यांच्या आणि इतरांच्या आठवणीतून ग्रंथ परत जुळवला गेला. अर्थातच सगळ्यांच्या आठवणी सारख्या निघाल्या नाहीत. इथे मला या मंडळींचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. त्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असं, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसं, हे पोथ्यांमध्ये नोंदवलं. हिराइसांचा पाठ आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. पोथ्यांत अशा वेगळ्या माहितीला ‘शोधु’ म्हणून जागा असते. शेअर्ड फाइलच्या कडेला कॉमेंट दिसते ना, साधारण तसंच.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. चौदाव्या शतकातच महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अशा कितीतरी. एका अक्षराच्या जागी दुसरं. किल्ली ठाऊक नसेल तर वाचता येणं अशक्य. हे सरळसरळ पासवर्ड लावणं झालं. त्यानं पोथ्या जपल्या हे खरं, पण म्हाताऱ्या बायकांना कळावं म्हणून मराठीत ठेवलेला ग्रंथ पाचशेहून जास्त वर्षं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आला नाही. ज्ञानेश्वरी गावोगाव पोचली आणि तिच्याही आधीचं हे गद्य कुलपात राहिलं. सुरक्षेची ही किंमत मला तरी फार मोठी वाटते. तुम्हाला पटेलच असं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. पंथातल्या महंतांनीही हळूहळू पोथ्या दाखवल्या. पुढे आपल्या वऱ्हाडातलेच वि. भि. कोलते वर्षानुवर्षं हस्तलिखितांत बुडून राहिले आणि १९७८ साली त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ छापून आलं, मूळ लेखनानंतर सुमारे सातशे वर्षांनी.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. मोर्शीकडे जाणं झालंच, तर वाजेश्वरी कुठे आहे ते गावात कोणालाही विचारा.