कै. बाबा आमटे आणि शहाण्यांचे भय

एखादी भीती निराधार आहे असे शास्त्राने सिद्ध केले, म्हणजे ती मनुष्याच्या मनातून आपोआप निघून जाते, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची एक भोळी समजूत आहे. ज्ञान वाढले की वर्तन सुधारते, हे सूत्र आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे जन्मभर त्याच्या विरुद्ध वागतो. ह्या सूत्राची परीक्षा पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडील एका वकिलाचे चरित्र त्यास पुरे आहे. ते वकील म्हणजे कै. मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे होत.

महारोग, म्हणजे ज्यास आता कुष्ठरोग म्हणतात तो, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून एका सूक्ष्म जंतूचे कृत्य आहे, हा शोध नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली लावला. इतके झाल्यावर शहाण्या सरकारने काय करावे? इंग्रज सरकारने १८९८ साली कायदा करून निराधार महारोग्यास वॉरंटावाचून पकडण्याची मुभा पोलिसांस दिली. जंतू सापडला, पण शिक्षा झाली ती रोग्यास! आम्हीही कायद्याचेच अभ्यासक असल्यामुळे ही गोष्ट लिहिताना आम्हांस विशेष लाज वाटते.

आमट्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. घराणे जमीनदार, वडील सरकारी अधिकारी, त्यामुळे बालपण सुखात गेले. शिकार, मोटार आणि सिनेमा यांचा शौक त्यांनी मनसोक्त केला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या देशभक्तांचे खटले त्यांनी चालविले. गोऱ्या शिपायांच्या तावडीतून एका स्त्रीची सुटका केल्याबद्दल महात्माजींनी त्यांस अभय साधक ही पदवी दिली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असता ह्या गृहस्थाने स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. अशा पुरुषास भय कशाचे असावे?

परंतु पावसाच्या एका रात्री रस्त्याच्या कडेस तुळशीराम नावाचा एक महारोगी त्यांस दिसला. हातापायांची बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले आणि प्राण कंठाशी आलेला. अभय साधक तेथून पळाले! ह्या चरित्रातील सर्वांत मोलाची घटना आम्ही हीच समजतो; कारण पळणारा मनुष्य अडाणी नव्हता, भित्राही नव्हता. पुस्तकी ज्ञान त्या रात्री उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती पळाल्याची टोचणी. ते परत फिरले, त्या मनुष्यावर आडोसा केला आणि त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. पण आमट्यांचा मार्ग त्या दिवसापासून बदलला. १९४९ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात जाऊन त्यांनी ह्या रोगाचे शिक्षण घेतले. हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही म्हणून प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचा देह पुढे केला. त्यांस रोग झाला नाही. बहुतेक निरोगी माणसांचा देह ह्या जंतूस दाद देत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

१९५१ साली, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर, पत्नी साधनाताई व दोन तान्हे मुलगे यांसह त्यांनी वरोऱ्यानजीकच्या खडकाळ माळावर आनंदवन वसविले. रोग्यांनी विहीर खणली, धान्य व भाजीपाला पिकविला. परंतु महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोण घेणार? त्या सुमारास ह्या रोगावर सल्फोन जातीचे गुणकारी औषध निघाले होते. तरी गिऱ्हाईक वळेना. पुढे परदेशांतून काही स्वयंसेवक आले, आनंदवनात राहिले, तेथले अन्न जेवले, तेव्हा कोठे गावकऱ्यांचा धीर झाला. व्यापारी वाचकांनी ह्यावर क्षणभर विचार करावा. शास्त्राचा पुरावा असून माल पडून राहिला, आणि चार माणसे पंक्तीस बसलेली दिसताच तो खपू लागला.

आता अरण्याकडे वळू. १९७३ च्या डिसेंबरात, डॉ. हॅन्सन यांच्या शोधास शंभर वर्षे होत असता, भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला. हा प्रकल्प महारोग्यांकरिता नव्हता. माडिया गोंडांकरिता होता. त्या प्रदेशास रस्ता नव्हता, वीज नव्हती; पावसाळ्यात नद्या चढल्या म्हणजे जगाशी संबंध तुटे. हिवतापाने आणि सर्पदंशाने मनुष्य मरे आणि मांत्रिकाखेरीज दुसरा आधार नसे. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे झोपडीत दवाखाना थाटला. प्रथम कोणी येईना. लोक परक्यास पाहून पळत. मग डॉक्टरांनीच माडिया भाषा शिकून घेतली. असाध्य वाटलेला एक रोगी बरा होऊन गावी परतला, म्हणजे त्याच्यामागून दहा येऊ लागले. १९७६ साली शाळाही निघाली.

वरोरा आणि हेमलकसा यांची तुलना करा. मांत्रिकाकडे जाणाऱ्या माडियास आपण अडाणी म्हणतो. त्याच्यापुढे दुसरा पुरावा आलेलाच नव्हता. तो डोळ्यांपुढे येताच त्याने आपली रीत बदलली. आपणांपुढे शंभर वर्षांचा पुरावा छापून पडला होता, तरी आपण बदललो नाही. मग अंधश्रद्ध कोणास म्हणावे?

पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे आमट्यांस बसणे अशक्य झाले होते. तरी १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. १९९० पासून कित्येक वर्षे ते धरणग्रस्तांसाठी नर्मदाकाठी राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचे देहावसान झाले आणि देह तेथल्या मातीत पुरण्यात आला.

त्यांच्यामागे हिशेब काय राहिला? अनेक औषधांची संयुक्त योजना १९८१ पासून प्रचारात आली आणि हा रोग पुरता बरा होऊ लागला. तथापि १८९८ चा तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून गेले. जगात नव्याने सापडणाऱ्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अद्यापि आपल्या देशात आहेत. त्यांतले कित्येक उपचारास उशिरा येतात, कारण रोगापेक्षा त्यांस शेजाऱ्याची भीती अधिक वाटते.

आनंदवन उभे राहिले हे आमट्यांचे मोठेपण होय. बऱ्या झालेल्या माणसांस घरी न परतता तेथेच राहावे लागले, ही आपली नामुष्की होय. त्यांचे पुतळे उभारून ती फिटणारी नाही. बरा झालेला मनुष्य दुकानावर चाकरी मागावयास किंवा भाड्याची खोली विचारावयास आला, म्हणजे आपण काय उत्तर देतो, ह्यावरच आपल्या शिक्षणाची किंमत ठरणार आहे. पहिल्या क्षणी मन मागे सरेल. अभय साधकाचेही सरले होते. त्यात पाप नाही. परंतु ते परत फिरले, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.