हॅरी फर्ग्युसन : नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव करणारा अभियंता

कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे पाहिले की खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे दिसतात. नांगर असो वा रोटाव्हेटर, अवजार या तिन्हींना जोडले जाते आणि एका कळीसरशी उचलले जाते. आज सवयीची झालेली ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश शेतकऱ्याच्या मुलाची देणगी आहे.

फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या डाऊन परगण्यात, ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल येथे झाला. शेतीत मन न रमल्याने तो थोरल्या भावाच्या बेलफास्टमधील दुरुस्ती-व्यवसायात शिरला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडच्या भूमीवरील ते पहिले विमानोड्डाण होते.

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई भासू लागली, तेव्हा आयर्लंडमधील ट्रॅक्टरांच्या देखरेखीचे काम सरकारने त्याच्याकडे सोपवले. त्या काळी नांगर गाडीसारखा ट्रॅक्टरमागे ओढला जाई. फाळ खडकात अडकला की मागची चाके फिरतच राहत, पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. यंत्र अधिक जड करावे, तर त्याच्या भाराने जमीन दबून जाई.

फर्ग्युसनने वजन वाढवले नाही, जोडणी बदलली. त्याच्या रचनेत मातीच्या विरोधाचा दाब वरच्या दांड्यातून पुढे येई आणि पुढची चाके जमिनीवर टेकलेली राहत. हायड्रॉलिक यंत्रणा नांगराची खोली आपोआप सांभाळी. हलका ट्रॅक्टरही त्यामुळे जड काम करू लागला. १९२६ मध्ये या कल्पनेला ब्रिटिश पेटंट मिळाले.

यंत्रातील ताण त्याने अचूक ओळखला, माणसांमधला मात्र त्याला सांभाळता आला नाही. १९३६ पासून डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात त्याचा ट्रॅक्टर बनू लागला, पण मतभेदांनी ती भागीदारी लवकरच संपली. १९३८ मध्ये त्याने अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना प्रात्यक्षिक दाखवले आणि दोघांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. त्यातून तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

पुढे फोर्ड यांच्या नातवाने तो करार मोडला, फर्ग्युसनला वगळले आणि तीच रचना वापरून नवा ट्रॅक्टर बाजारात आणला. शब्दाखेरीज फर्ग्युसनच्या हाती पेटंटे तेवढी उरली होती. त्यांच्या बळावर त्याने २५ कोटी डॉलरचा दावा लावला. चार वर्षांच्या झुंजीनंतर १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून त्याचा करड्या रंगाचा टीई-२० ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथून बाहेर पडले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेही याच ट्रॅक्टरांवरून. ब्रिटनमधील हौशी मंडळी जुन्या टीई-२०ना आजही पुन्हा चालते करतात. साधी बांधणी हे त्याचे एक कारण. ट्रॅक्टरसोबत मिळणारा एकच पाना बहुतेक नटांना बसे आणि त्यावरील इंचांच्या खुणांनी नांगराचे मापही घेता येई.

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपला व्यवसाय मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला आणि लवकरच तेथूनही तो बाहेर पडला. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये ‘टाफे’ची स्थापना झाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने त्याचे नाव भारतीय शेतात पोहोचले.

त्याची त्रिबिंदू जोडणी आता आंतरराष्ट्रीय मानक आहे. एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो, तो त्यामुळेच. ज्या हक्कासाठी तो वर्षानुवर्षे भांडला, ती रचना अखेर सर्वांची झाली. आणि ट्रॅक्टर उलटून जाणारे असंख्य जीव तिने वाचवले.