कुलाब्याचा काटा आणि रात्रीचा रेडिओ

पिपरी मेघेत भरदुपारी रेडिओ मीडियम वेव्हवर लावला तर नागपूर केंद्र लागते, बाकी पट्टीवर बहुतेक खरखर. रात्री दहानंतर तोच काटा फिरवला की शेकडो किलोमीटरवरची केंद्रे एकामागून एक उगवू लागतात. (हल्ली घरातल्या एलईडी दिव्यांचा गोंगाट आड येतो, दिवे मालवून पाहावे.) हौशी रेडिओवाले याच्याही खाली उतरतात. 475 आणि 136 किलोहर्ट्झच्या आसपास, अगदी थोड्या शक्तीने पाठवलेला संकेत हजारो किलोमीटरवर पकडण्याचा त्यांचा खटाटोप रात्ररात्र चालतो. युरोप आणि अमेरिकेतल्या या मंडळींना अधूनमधून चमत्कारिक अनुभव येतो. काल स्वच्छ आलेला संकेत आज नाही, उद्या नाही, कधी आठवडाभर नाही. यंत्र ठीक, एरियल ठीक. मग ते संगणकावर पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आलेख उघडतात आणि त्यांना कारण सापडते: चुंबकी वादळ होऊन गेलेले असते.

असा आलेख रेडिओच्या जन्माआधीपासून आपल्या किनाऱ्यावर काढला जातो आहे. तो मध्येच तुटला असता. ज्यांनी तो तुटू दिला नाही, त्या नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचे नाव भूचुंबकशास्त्राबाहेर फारसे घेतले जात नाही.

मूस यांचा जन्म 1859 सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आजवर नोंदले गेलेले सर्वांत प्रचंड चुंबकी वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत लोहचुंबकाचे वेध 1841 पासून घेतले जात होते. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, पण कोवळ्या वयात त्यांनी पहिली नोकरी केली ती याच वेधशाळेत. 1859 मध्ये केरूनाना तिथे नव्हते. पण पद्धत तीच होती. माणसाने डोळा लावून काटा वाचायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. वादळ उठल्यावर कुलाब्याच्या माणसांनी वाचनांमधले अंतर काही मिनिटांवर आणले. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने खाली गेल्याचे त्यांच्या आकड्यांतून दिसते. एरवी शंभर-दोनशेची घट झाली तरी वादळ म्हणतात. उत्तरेकडच्या कित्येक यंत्रांचे काटे त्या दिवशी पट्टीबाहेर गेले होते. कमी अक्षांशावरची ही वही म्हणूनच मोलाची ठरली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी ती नव्याने अभ्यासली.

मूस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एल.सी.ई. झाले. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. मग एडिनबराला जाऊन त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. 1896 मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाले ते त्याच वर्षी. वेधशाळेचे काम मात्र थांबण्यातले नव्हते: बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ, हवामानाच्या नोंदी, आणि चुंबकाचा काटा. तोवर तो काटा स्वतःची रेघ प्रकाशाच्या किरणाने कागदावर उमटवू लागला होता.

संकट आले ते ट्रामच्या रूपाने. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. 1900 च्या सुमारास त्या विजेवर चालवण्याचा बेत ठरू लागला. शहराला ही आनंदाची बातमी होती, वेधशाळेला मृत्युपत्रासारखी. ट्रामची वीज रुळांतून परतते आणि वाटेत थोडी जमिनीत झिरपते. तिचे चुंबकी क्षेत्र सूक्ष्म असते, पण मूस यांचा काटा सूर्याच्या रोजच्या हालचालीने होणारे दोन-पाच नॅनोटेस्लाचे फरकही टिपत असे. ट्राम सुरू झाली की सूर्याची रेघ कुठली आणि ट्रामची कुठली, हे सांगता आले नसते. युरोपातल्या वेधशाळांची हीच गत झालेली होती.

ट्राम अडवणे शक्य नव्हते आणि तसा हट्ट धरणेही बरोबर नव्हते. मूस यांनी वेधशाळाच हलवायचे ठरवले. जागा अशी हवी होती की जी मुंबईपासून पुरेशी लांब असेल, पण तिचे चुंबकी क्षेत्र कुलाब्याच्या जवळपास असेल. खाडीपलीकडचे अलिबाग निवडले गेले, कुलाब्यापासून साधारण तीस किलोमीटर. इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली. त्यात चुंबकत्व नाही ना, हे आधी तपासून घेतले. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांत कुठेही लोखंड नाही, सगळे पितळ आणि तांबे. यंत्रांच्या खोलीला दुहेरी भिंती, कारण ऊन वाढले की चुंबकही बदलतो.

माझ्या मते त्यांची खरी थोरवी पुढच्या निर्णयात आहे. अलिबागचे यंत्र 1904 मध्ये सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचे बंद केले नाही. दोन वर्षे, 1906 पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता आली. मुंबईत विजेची पहिली ट्राम 7 मे 1907 रोजी धावली. तोवर काटा खाडीपलीकडे सुखरूप होता.

मग ते साठ वर्षांच्या वह्या घेऊन बसले. 1846 ते 1905 या काळातल्या वेधांचे त्यांचे दोन खंड 1910 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली आणि वादळाला एक ठरावीक चाल असल्याचे दाखवले. सुरुवातीला क्षेत्र एकदम थोडे वाढते, मग काही तासांत खोल घसरते, आणि नंतर दिवसेंदिवस हळूहळू पूर्वपदावर येते. आजही वादळाचे टप्पे आपण असेच सांगतो.

रेडिओचे कोडे सुटते ते या तिसऱ्या, संथ टप्प्यात. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो. दिवसा सूर्य तो दाट करतो आणि हा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. रात्री तो विरतो, लहरी त्याच्यावरच्या थरापर्यंत पोचून परततात, आणि पिपरी मेघेत दूरची केंद्रे लागतात. चुंबकी वादळात पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत वेगवान इलेक्ट्रॉन भरले जातात. वादळ ओसरल्यावरही ते उत्तर-दक्षिणेच्या वरच्या अक्षांशांवर कित्येक दिवस झिरपत राहतात. तिथे मग रात्रीही तो खालचा थर दाट राहतो, जणू रात्र झालीच नाही. त्या वाटेने जाणारी लांब लहर थकून जाते. उत्तर युरोपातल्या श्रोत्यांना अशा रात्री उत्तर अमेरिकेची केंद्रे लागत नाहीत. त्यांच्या जागी दक्षिण अमेरिकेची ऐकू येतात, कारण तो मार्ग ध्रुवापासून दूर आहे.

यात एक गंमत आहे. 1920 च्या दशकात अटलांटिकपार 60 किलोहर्ट्झच्या चाचण्यांत आढळले की वादळात रात्रीचा संकेत पडतो, पण दिवसाचा किंचित वाढतो. इतक्या लांब लहरीला दिवसा खालचा थरच आरशाचे काम देतो. वादळाने आरसा जास्त चकचकीत होतो. शॉर्ट वेव्ह स्वस्त आणि सोयीची झाल्यावरही अटलांटिकवरची लांब लहरींची सेवा मोडीत निघाली नाही. चुंबकी वादळात शॉर्ट वेव्ह कोलमडायची, तेव्हा ती कामी येई.

मूस 1919 मध्ये निवृत्त झाले. लहरी परतवणारा थर प्रत्यक्ष सिद्ध झाला तो 1924 मध्ये, म्हणजे त्यांनी वादळांची चाल मांडली तेव्हा तिचा रेडिओशी संबंध लावणे कोणालाच शक्य नव्हते. 1936 मध्ये ते वारले.

आपण चुंबकी विषुववृत्ताच्या जवळ राहतो, त्यामुळे वर्ध्याच्या आकाशातून असे इलेक्ट्रॉन बरसत नाहीत. इथल्या इथे केंद्रे पकडणाऱ्याला वादळाचा उपद्रव थोडाच. ध्रुवाकडून वळसा घेऊन येणारा क्षीण संकेत ऐकायचा असेल तरच तो जाणवेल. काटा मात्र इथेही हलतो. मे 2024 मधल्या वादळात लडाखच्या हानलेहून आकाश तांबडे झालेले दिसले, तेव्हा पृथ्वीभरची सरासरी घट 400 नॅनोटेस्लाच्या आसपास गेली होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची नोंद-केंद्रे आज देशभर आहेत, त्यांतले एक नागपूरला. अलिबागची पोरबंदरी दगडातली वेधशाळाही चालू आहे, आणि तिची मालिका मागे कुलाब्याच्या वह्यांपर्यंत जाते.