लुई रिएल : फासापर्यंतची सोबत



अन्यायाविरुद्ध एकत्र आलेला समाज शस्त्र उचलण्याच्या प्रश्नावर दुभंगतो. मग घरे दुभंगतात आणि धर्मग्रामही दुभंगतो. कॅनडातील लुई रिएल यांच्या जीवनाकडे आज आपण या दृष्टीने पाहू या.

रिएल यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८४४ रोजी रेड रिव्हर वसाहतीत झाला. त्यांचा मेटिस समाज युरोपीय व्यापारी आणि मूलनिवासी स्त्रिया यांच्यापासून उदयास आलेला. त्यातील फ्रेंच बोलणारे बहुतेक कॅथलिक होते. बिशप ताशे यांनी या हुशार मुलाला धर्मगुरू व्हावे म्हणून माँट्रियलला धाडले. पण १८६५ साली त्यांनी ते शिक्षण सोडले.

१८६९ साली हडसन बे कंपनीचा हा सारा मुलूख कॅनडाला देण्याचे ठरले. तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. मेटिस लोकांनी हंगामी सरकार स्थापले, रिएल त्याचे प्रमुख झाले आणि १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला. मात्र त्यांच्या सरकारने थॉमस स्कॉट या विरोधकाला गोळ्या घालून मारले होते. त्यामुळे रिएल परागंदा झाले. संसदेवर तीनदा निवडून येऊनही त्यांना तेथे बसता आले नाही. काही काळ ते मनोरुग्णालयात होते. पुढे अमेरिकेतील मोंटाना येथील मिशन शाळेत ते शिक्षक झाले.

जून १८८४ मध्ये सस्कॅचेवान नदीकाठचे मेटिस त्यांना न्यायला आले. रानरेडे संपले होते आणि कसत्या जमिनींचे हक्क अधांतरी होते. या तक्रारी खऱ्या आहेत, हे तेथील धर्मगुरूंनाही मान्य होते. सरकारकडे अर्ज गेला, पण समाधान झाले नाही.

मार्च १८८५ मध्ये रिएल यांनी बातोश गावी पुन्हा हंगामी सरकार जाहीर केले. ते स्वतःला संदेष्टा मानू लागले होते व त्यांनी रोमचा अधिकार झुगारला. शस्त्र उचलणाऱ्यास पापक्षमा मिळणार नाही, असे फादर फुरमों यांनी बजावले. एका बाजूला संस्कार, दुसऱ्या बाजूला जमीन आणि सोयरेधायरे! साध्या भाविकाने कोणीकडे जावे? इंग्रजी बोलणारे बहुतेक मेटिस तटस्थ राहिले. रिएल यांचे नातलग चार्ल्स नोलां बंडातून निसटले व पुढे खटल्यात त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. फ्रॉग लेक येथे क्री योद्ध्यांच्या हातून नऊ जण ठार झाले; त्यांत दोन धर्मगुरू होते.

९ ते १२ मे या लढाईत बातोश पडले. १५ मे रोजी रिएल शरण आले. रेजायना येथे ज्यूरीने त्यांना राजद्रोहाचे दोषी ठरवले, पण दयेची शिफारसही केली. सरकारने ती मानली नाही.

फादर अलेक्सी आंद्रे हे बंडाचे कडवे विरोधक. तरीही तुरुंगात त्यांनीच रिएल यांची आध्यात्मिक काळजी वाहिली. रिएल यांनी ख्रिस्तसभेशी समेट केला. १६ नोव्हेंबर १८८५ रोजी फादर आंद्रे फाशीच्या तख्तापर्यंत त्यांच्यासोबत गेले.

१९९२ साली कॅनडाच्या संसदेने रिएल यांना मॅनिटोबाचे संस्थापक म्हणून मान्यता दिली. त्यांच्या बंडाविषयी मतभेद होते, आजही आहेत. फादर आंद्रे यांनी बंडाला संमती दिली नाही आणि बंडखोराला एकटेही सोडले नाही. आपल्या गावात, कुटुंबात तट पडतील तेव्हा ही सोबत आम्हां धर्मगुरूंना आणि तुम्हांलाही करता यावी, हीच प्रभुचरणी प्रार्थना.